संगमावरचा वकील आणि पुण्याचं हंगामी सरकार

दिवाळीचे दिवस होते. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसर आणि वानवडीच्या माळावर तोफा धडाडल्या. लढाई संपली तेव्हा यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि दौलतराव शिंदे यांच्या एकत्र फौजेचा निकाल लावला होता. दुसरे बाजीराव थोड्या स्वारांनिशी पर्वतीच्या अंगाने सिंहगडाकडे निघून गेले. पुणे शहर विनापेशवा झालं.

मुळा-मुठेच्या संगमावर मात्र सगळं जागच्या जागी होतं. तिथे इंग्रज कंपनीच्या वकिलाचं ठाणं होतं. वकील म्हणजे रेसिडेंट. मराठी दरबाराच्या तोंडी वकीलच. कर्नल बॅरी क्लोजने आपलं निशाण लांबून दिसेल असं लावलं होतं आणि लढणाऱ्या दोन्ही फौजांनी त्याची बूज राखली. पुढचा महिनाभर पुण्यातल्या नव्या सत्ताधीशांना या माणसाकडून एकच गोष्ट हवी होती. त्यांना त्याच्या तोफा नको होत्या, पैसाही नको होता. त्याने फक्त संगमावर राहावं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

युद्धानंतर उभं राहिलेलं हंगामी सरकार आणि त्याच्याकडे डोळे लावून बसलेला शेजारी, असा विषय निघाला की आपल्याला काबूल आठवतं किंवा ढाका आठवतं. पण हा पेच पुण्याने १७७३ पासूनच्या तीस वर्षांत इतक्या वेळा अनुभवला, की त्यावर या शहराने पदवी द्यावी. १७७४, १७९६ आणि १८०२ या तीन वर्षांत पुण्यात सरकार कुणाचं हा प्रश्न उभा राहिला, आणि तिन्ही वेळा त्याचं उत्तर पुण्याइतकंच मुंबई, हैदराबाद आणि कोलकात्यात शोधलं गेलं.

पहिला प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात पेशवे नारायणरावांचा खून झाला. त्यांचे काका राघोबादादांनी पेशवाईची वस्त्रं मिळवली. ती आणायला साताऱ्याला गेले होते त्यांचे दत्तक पुत्र अमृतराव. हे नाव लक्षात ठेवावं, ते पुन्हा येणार आहे. न्यायाधीश रामशास्त्र्यांनी खुनासाठी दादांना दोषी धरलं आणि स्वतः पुणं सोडलं. दादा मोहिमेवर बाहेर पडताच सखारामबापू बोकील, नाना फडणीस, त्रिंबकमामा पेठे, हरिपंत फडके या मंडळींनी एकेक करून पाय काढता घेतला, गरोदर गंगाबाईंना पुरंदरावर नेलं आणि त्यांच्या नावाने कारभार सुरू केला. हेच बारभाई. १८ एप्रिल १७७४ ला गडावर सवाई माधवराव जन्मले आणि चाळीस दिवसांच्या बाळाला पेशवाईची वस्त्रं झाली.

आता शेजाऱ्यांच्या जागी बसून पाहावं. पुण्यात एक तान्हं मूल धनी आहे. त्याच्या नावाने कारभारी राज्य करताहेत आणि त्यांचं आपसात किती दिवस जमेल याची खात्री नाही. दुसरीकडे वयात आलेला, लढाया मारलेला, वस्त्रं मिळालेला एक माणूस फौज घेऊन हिंडतो आहे आणि मागाल ते द्यायला तयार आहे. मूल खरं की बदललेलं, अशी कुजबुजही पसरवली जात होती. निजामअलीने आणि नागपूरच्या साबाजी भोसल्यांनी बारभाईंची बाजू धरली. हैदरअलीला दादा परवडत होते. मुंबईकर इंग्रजांना साष्टी आणि वसई हवी होती. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकल्यापासून त्या किनाऱ्यावर त्यांचा डोळा होता, आणि पोर्तुगीज आपलं गेलेलं परत घ्यायला येताहेत अशी आवई उठताच त्यांनी १७७४ च्या डिसेंबरअखेर ठाण्याचा किल्ला घेऊन टाकला. मार्च १७७५ मध्ये सुरतेला दादांशी तह झाला. त्यात अडीच हजार सैन्याच्या बदल्यात साष्टी, वसई आणि आणखी बरंच काही लिहून दिलं होतं.

सावकारीच्या भाषेत सांगायचं तर सुरतेचा तह ही हुंडी होती. लिहिणारा लिहून मोकळा झाला, पण ती सकारणार कोण? वसई दादांच्या हातात नव्हती. किल्ले, खजिना, शिक्के आणि वस्त्रं मिळालेलं मूल, सगळं बारभाईंकडे होतं. हंगामी सरकारच्या शेजाऱ्याची काळजी नेहमी इथेच येऊन अडते. खरा हक्क कुणाचा, हा प्रश्न तो तोंडाने विचारतो. त्याच्या मनात असतं ते एवढंच, की सही करायला राजी कोण आणि ती सही चालवून दाखवण्याइतका जोर कुणात. एकाच माणसात दोन्ही सापडलं तर प्रश्नच उरत नाही. हंगामी सरकारात ते सहसा सापडत नाही.

कोलकात्याने हा घोटाळा ओळखला. १७७३ च्या कायद्याने युद्ध आणि तह यांवर कोलकात्याचा वरचष्मा आला होता; मुंबईने विचारलंच नव्हतं. गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलने सुरतेचा तह अमान्य केला आणि कर्नल अप्टनला पुरंदरला धाडलं. १ मार्च १७७६ चा पुरंदरचा तह सखारामबापू आणि नाना यांच्याशी, म्हणजे हंगामी सरकारशीच झाला. साष्टी इंग्रजांकडे राहिली, दादांना दरमहा २५ हजार रुपये घेऊन कोपरगावी बसायचं ठरलं. एकाच कंपनीच्या दोन शहरांनी वर्षभराच्या अंतराने एकाच दौलतीत दोन वेगळे धनी मानले! मुंबईने पुरंदरचा तह मनापासून पाळलाच नाही. १७७७ मध्ये सेंट ल्युबिन नावाचा फ्रेंच माणूस पुण्यात येऊन नानांच्या भेटी घेऊ लागल्यावर तर तिचा जीव खालीवर झाला. पुढच्या वर्षी मोरोबा फडणिसांनी नानांना बाजूला सारून मुंबईला बोलावणं धाडलं. मुंबई निघेपर्यंत नानांनी मोरोबांनाच कैद केलं होतं.

तरीही मुंबईची फौज दादांना घेऊन बोरघाट चढलीच. जानेवारी १७७९ मध्ये कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला, ज्याला मराठ्यांनी ‘इष्टुर फाकडा’ म्हणून लोककथेत जागा दिली. वडगावला फौजेने शरणागतीचा करार केला. तो इंग्रजांनी पुढे नाकारला, लढाई आणखी तीन वर्षं चालली आणि १७ मे १७८२ ला महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला. म्हणजे पेशवा मूलच, साष्टी इंग्रजांकडेच आणि दादांना महिना २५ हजारच. सहा वर्षांपूर्वी पुरंदरला ठरलं होतं त्याच्या फार पुढे कुणी गेलं नाही.

या सालबाईनंतरच इंग्रजांनी पुण्यात कायमचा वकील ठेवला. १७८६ मध्ये चार्ल्स मॅलेट आला आणि संगमावरचं ठाणं उभं राहिलं.

दुसरा प्रसंग थोडक्यात. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला निजामाचा पराभव झाला. त्याने मुलूख आणि खंडणी कबूल केली, वर त्याचा दिवाण मुशीरुल्मुल्क ओलीस म्हणून पुण्यात आला. सात महिन्यांत शनिवारवाड्यात वरून पडल्यानंतर सवाई माधवराव वारले. वारस कोण यावर वर्षभर खेळ चालला. परशुरामभाऊ पटवर्धनांनी राघोबादादांचे धाकटे पुत्र चिमाजीअप्पा (वसई जिंकणारे नव्हेत) यांना सवाई माधवरावांच्या विधवा यशोदाबाईंच्या मांडीवर दत्तक देऊन पेशवा केलं, नाना महाडला जाऊन बसले. आणि हरलेला शेजारी? त्याचा ओलीस दिवाण पुण्यातच होता, सगळ्या गोटांशी बोलत होता. ऑक्टोबर १७९६ मध्ये महाडला नानांनी निजामाशी करार केला. निजामाने नानांच्या बाजूने उभं राहावं आणि मोबदल्यात खर्ड्याला गेलेलं परत घ्यावं, असं त्यात ठरलं. रणांगणावर गमावलेलं निजामाने पुण्याच्या वारसावादात परत मागून घेतलं. डिसेंबरमध्ये दादांचे थोरले पुत्र बाजीराव यांना वस्त्रं मिळाली. पराभूत शेजाऱ्यालाही हंगामी सरकारचे दिवस कसे फळतात, याचं इतकं चोख उदाहरण मराठ्यांच्या इतिहासात दुसरं नसेल.

आता पुन्हा संगमावर.

यशवंतराव पुणं जिंकायला आले ते पेशवाई बुडवायला नव्हे. एप्रिल १८०१ मध्ये त्यांचे भाऊ विठोजी यांना बाजीरावांनी पुण्यात हत्तीच्या पायी दिलं होतं. होळकरांच्या घराण्याचा वारस म्हणून बाळ खंडेरावाला मान्यता आणि शिंद्यांनी दाबलेला होळकरांचा मुलूख, एवढ्या त्यांच्या ठरलेल्या मागण्या होत्या. जिंकल्यावरही त्यांनी बाजीरावांना परत या म्हणून निरोप धाडले. बाजीराव सिंहगडावरून रायगड, महाड असे किनाऱ्याकडे सरकत राहिले. विजेता गादीवर बसायला कुणीतरी शोधतो आहे आणि गादीचा मालक पळतो आहे, असं विलक्षण दृश्य पुण्याने आठवडे पाहिलं. अखेर जुन्नरहून अमृतराव आले. होय, तेच, एकोणतीस वर्षांपूर्वी दादांची वस्त्रं आणायला गेलेले. त्यांचे चिरंजीव विनायकराव यांना पेशवा करायचं आणि कारभार अमृतरावांनी पाहायचा, असा घाट घातला गेला.

अमृतराव नालायक नव्हते. त्यांच्या कर्तबगारीबद्दल पुढे इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीनेही चांगलं लिहिलं आहे. या सरकारला फौज होती, शहर हातात होतं, कारभार जाणणारा माणूस होता. नव्हती ती फक्त बाहेरच्या जगाची मान्यता. आणि बाहेरचं जग म्हणजे संगमावरचा क्लोज. म्हणून होळकर आणि अमृतराव त्याला जाऊ देईनात. त्याने मध्यस्थी करावी, निदान पुण्यात राहावं, अशी गळ घालत राहिले. वकील राहिला की सरकार आहे, वकील गेला की शहरात नुसती एक फौज आहे. राजनीतीतली मान्यता कधी कधी कागदावर नसते, एखाद्या बंगल्यात कोण झोपतो यावर असते.

क्लोजच्या खिशात मात्र आधीच एक कागद होता. लढाईच्याच दिवशी बाजीरावांच्या कारभाऱ्याने त्याच्या हाती करारनाम्याचा कच्चा मसुदा दिला होता. कंपनीच्या सहा पलटणी आणि त्यांच्या खर्चाला २५ लाख रुपये वसुलाचा मुलूख. गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्ली चार वर्षं ज्या सहीची वाट पाहत होता, ती हडपसरच्या धुरात आपोआप चालून आली होती. म्हणून क्लोजचा पेच वरवर दिसतो तेवढा अवघड नव्हता. एकीकडे पुणं हातात असलेलं सरकार, जे इंग्रजांची मैत्री मागत होतं पण पलटणी मागत नव्हतं. दुसरीकडे पुणं गमावलेला पेशवा, जो पलटणी मागत होता आणि त्यांचा खर्चही देत होता. नोव्हेंबर संपता संपता क्लोज पुण्यातून निघाला आणि मुंबईला गेला. बाजीराव हर्णै, रेवदंडा करत वसईला पोचले. ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह झाला. सहा पलटणी, २६ लाखांचा मुलूख, सुरतेवरचा हक्क सोडणं, इंग्रजांशी वैर असलेल्या युरोपियनांना नोकरी न देणं, निजाम आणि गायकवाड यांच्याशी असलेल्या वादांत इंग्रजांचा निवाडा मानणं.

या शेवटच्या कलमांत कोलकात्याच्या सगळ्या काळज्या उघड वाचता येतात. फ्रान्सशी झालेली शांतता टिकणार नाही असं रिचर्ड वेलस्लीला वाटत होतं आणि शिंद्यांच्या पदरी फ्रेंच सेनानी पेरॉनच्या हाताखाली कवायती पायदळ होतं. हैदराबादशी १८०० मध्ये कायमचा संरक्षण-तह झाला होता. पुण्यात कुणी जोरकस धनी बसला तर तो चौथाईचा जुना हिशेब घेऊन निजामाच्या दारात उभा राहणार आणि लढावं कंपनीला लागणार. म्हैसूरची सरहद्द तीन वर्षांपूर्वीच कंपनीच्या हातात आली होती. म्हणजे इंग्रजांना पुण्यात नुसतं स्थिर सरकार नको होतं. स्थिर असावं, पण आपल्या खांद्यावर हात ठेवून उभं असावं. शेजाऱ्याची ही मागणी इतकी जुनी आहे की तिचं नवल वाटू नये. नवल वाटतं ते तिला दिलेल्या कायदेशीर मुलाम्याचं. वस्त्रं मिळालेला पेशवा हयात असताना दुसरा कुणी चालणार नाही, असा इंग्रजांचा युक्तिवाद होता. युक्तिवाद बरोबर होता. फक्त १७७५ मध्ये वस्त्रं मिळालेलं मूल पुरंदरावर हयात असताना हाच न्याय मुंबईला आठवला नव्हता.

इकडे पुण्यात काय चाललं होतं हे राजनीतीच्या इतिहासांत दोन ओळींत उरकतं. होळकरांच्या फौजेचा पगार थकला होता आणि हंगामी सरकारला वसूल येत नव्हता. सुरुवातीचा संयम सुटला. सावकार, पेढीवाले, सुखवस्तू गृहस्थ यांच्याकडून पैसा उकळला गेला, वाडे खणले गेले. ज्या सरकारला बाहेरून कर्ज मिळत नाही, ते घरातल्या हंड्यांकडे वळतं. होळकरशाही लूट म्हणून ही आठवण पुण्यात पिढ्यान्पिढ्या सांगितली गेली. मान्यता न मिळाल्याची किंमत अशीही भरली जाते, हे तीत सहसा सांगितलं जात नाही.

मार्च १८०३ पर्यंत यशवंतराव पुणं सोडून गेले होते. अमृतराव थोड्या फौजेनिशी मागे राहिले. हैदराबादची इंग्रज फौज परांड्याच्या सरहद्दीवर आली, दक्षिणेतून आर्थर वेलस्ली निघाला, आणि वाटेत पटवर्धन, गोखले असे दक्षिणेतले सरदार त्याला मिळाले. अमृतराव जाताना शहर पेटवणार अशी बातमी आल्यावर वेलस्लीने शेवटचे साठेक मैल सुमारे बत्तीस तासांत तोडले आणि २० एप्रिलला स्वारांसह पुण्यात शिरला. शहर जळालं नव्हतं. १३ मे १८०३ रोजी बाजीराव पुण्यात परतले.

आणि मग बाकीच्या शेजाऱ्यांची चिंता सुरू झाली. दौलतराव शिंदे आणि नागपूरचे रघुजी भोसले यांना विचारलंच गेलं नव्हतं. पेशव्याने परस्पर असा तह करावा आणि त्याची बांधिलकी साऱ्या मराठमंडळावर पडावी, हे त्यांना मान्य होणं शक्य नव्हतं. ऑगस्टमध्ये युद्ध पेटलं. असई, अडगाव, गाविलगड. आणि डिसेंबर १८०३ मध्ये देवगाव आणि सुर्जी-अंजनगाव. एका शहरातल्या हंगामी सरकारला नकार देऊन शांतता साधण्याचा जो हिशेब कोलकात्यात मांडला होता, त्याने सात महिन्यांत महाराष्ट्र आणि हिंदुस्थान दोन्हीकडे युद्ध आणलं. हा हिशेब चुकला असं खुद्द लंडनमध्येही काहींना वाटलं. कंपनीच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या कॅसलरेने वसईच्या तहावर कडक टिपण लिहिलं, त्याला आर्थर वेलस्लीने सविस्तर उत्तर दिलं. दोघांच्या मतभेदातून मराठ्यांना अर्थातच काही परत मिळालं नाही.

क्लोज राहिला असता तर? हा प्रश्न इतिहासकाराने विचारू नये म्हणतात, पण मासिकातल्या लेखकाला तेवढी मोकळीक असावी. मुंबई आणि कोलकाता यांनी अमृतरावांच्या सरकारशी बोलणी केली असती तर शिंदे-भोसल्यांशी युद्ध टळलं असतं असं ठामपणे म्हणवत नाही. होळकर-शिंदे वैर तरी होतंच. पण सरदारांनी आपसात लढून मिटवायचा वाद बाहेरच्या पलटणींनी मिटवला, एवढं निश्चित घडलं. अठराव्या शतकभर पुण्यातले कारभारी कधी हरले, कधी जिंकले, पण हुंडी सकारण्याची ताकद पुण्यातच राहिली. वसईनंतर ती शिरूरच्या इंग्रज छावणीत गेली.

ही गोष्ट पुढच्या काळातही वेगवेगळ्या वेषांत भेटते. १७ एप्रिल १९७१ ला मुजीबनगरला बांगलादेशच्या हंगामी सरकारने शपथ घेतली. त्याचे मंत्री कोलकात्यात राहत होते, निर्वासितांचे लोंढे भारतात येत होते. तरी भारताने औपचारिक मान्यता दिली ती ६ डिसेंबरला, युद्ध सुरू झाल्यावर तीन दिवसांनी. इथे शेजाऱ्याला सही कुणाची हा प्रश्न नव्हता. मान्यता दिली की युद्ध अंगावर घेतलं, हे दिल्लीला ठाऊक होतं आणि तिने वेळ निवडली. २००१ मध्ये काबूलच्या बाबतीत पाकिस्तानची काळजी जवळपास कोलकात्याच्या वळणाची होती. उत्तरेकडच्या आघाडीने काबूल घेऊ नये, असं मुशर्रफ उघड सांगत होते, कारण त्या आघाडीची दिल्लीशी आणि तेहरानशी जवळीक होती. आघाडी १३ नोव्हेंबरला काबूलमध्ये शिरलीच. मग बॉनला बैठक भरली, ५ डिसेंबरला करार झाला, करझाई प्रमुख ठरले. पण संरक्षण, गृह आणि परराष्ट्र ही खाती ज्यांच्या फौजा काबूलमध्ये होत्या त्यांच्याचकडे गेली. भारताचे प्रतिनिधी सतिंदर लांबा बॉनला हजर होते, इराण-रशियाचेही होते. सगळे शेजारी एका छताखाली आणण्याचा हा प्रकार पुण्याच्या वाट्याला कधी आला नाही. त्याने काबूलचं दीर्घकाळ भलं झालं, असंही म्हणता येत नाही.

पुण्याच्या या पत्रव्यवहाराचं नशीब मात्र चांगलं. ‘पूना रेसिडेन्सी करस्पॉन्डन्स’ या मालेत जदुनाथ सरकार आणि गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाने मॅलेट-क्लोज यांच्या काळातली पत्रं छापून निघाली. पेशवे दफ्तर पुण्यातच आहे. दोन्ही बाजू एकाच शहरात बसून ताडून पाहता येतात. आपल्या अभ्यासकांनी संगमावरच्या पत्रांना जितका वेळ दिला तितकाच अमृतरावांच्या पाच-सहा महिन्यांच्या कारभाराला द्यावा. हरलेल्या हंगामी सरकारवर कुणी ग्रंथ लिहीत नाही, म्हणून ती फक्त लुटारूंची टोळी ठरते.

संगमावरचं ते ठाणं ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीच्या लढाईच्या दिवशी पेशव्यांच्या फौजेने जाळलं. तेव्हा तिथे वकील म्हणून एल्फिन्स्टन होता. इंग्रजांनी परत आणून बसवलेल्या बाजीरावांनीच ही लढाई पुकारली होती. पुढच्या जूनमध्ये ते इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाले आणि वर्षाला ८ लाख रुपये घेऊन बिठूरला गेले. अमृतरावांशी कंपनीने १८०३ मध्येच तह केला होता. त्यांना वर्षाला ७ लाख मिळत होते.